पडवीतली तीन पोती

"बाटलीच्या बुडाशी त्रिकोण आहे, त्यात आकडाही आहे, मग भंगारवाला ती का घेत नाही?" गुहागर तालुक्यात, हेदवीत काय, नरवणात काय, वेळणेश्वरात काय, या विषयावर बोलणं निघालं की पहिला प्रश्न हाच येतो. दुसरा दुकानाच्या पायरीवर: "पिशवी एकशेवीस मायक्रॉनची आहे म्हणतात, मग चालते ना?" आणि तिसरा, खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांतून, जरा दबक्या आवाजात: "सलग सुट्ट्या संपल्या की दोन पोती कचरा उरतो. जाळू नये हे कळतं हो, पण मग करू काय?"

हे तिन्ही प्रश्न समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. तुम्ही बारा महिने गावात राहत असाल, गणपतीला आणि मे महिन्यात घर उघडायला येत असाल, किंवा दशभुजा लक्ष्मीगणेशाच्या दर्शनाला येणाऱ्यांना चहा-जेवण देत असाल, तर यातलं बरंच तुमच्या उपयोगी पडेल.

आपण 'प्लास्टिक' असं सरसकट म्हणतो, तिथेच घोळ सुरू होतो. लोखंड, तांबं, पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र वितळवून कोणी भांडं घडवत नाही. प्लास्टिकचंही तसंच आहे. दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक साधारण ११० अंशांना वितळतं, पाण्याच्या बाटलीचं अडीचशेच्या वर. दोन्ही एकत्र भट्टीत गेली तर एक जळतं आणि दुसरं कच्चं राहतं. म्हणून जे वेगवेगळं करून ठेवाल ते माल ठरतं, आणि जे एकत्र कराल त्याचा कचरा होतो.

आपलं गिऱ्हाईक लांब आहे

शहरात भंगाराचं दुकान कोपऱ्यावर असतं. आपल्याला माल घालायचा तर शृंगारतळी, गुहागर, नाहीतर थेट चिपळूण. टेम्पोवाला भाडं घेतो ते गाडीतल्या जागेचं, आणि रिकामी बाटली म्हणजे बहुतेक हवाच. लिटरची एक बाटली साधारण २० ते २५ ग्रॅम भरते, म्हणजे किलोला चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी तर जेमतेम अडीच-तीन ग्रॅमची. न चेपलेल्या बाटल्यांचा टेम्पो चिपळूणला गेला तर डिझेलचेही पैसे सुटत नाहीत. भंगारवाला घाटी उतरून हेदवीपर्यंत येईल की नाही, हे आपण माल किती चेपून, किती स्वच्छ आणि किती निवडून ठेवतो यावर ठरतं.

आधी ओळख: आकडा पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका

त्रिकोणातला आकडा 'हे पुन्हा वापरात येईलच' अशी हमी देत नाही. वस्तू कोणत्या जातीच्या प्लास्टिकची आहे, एवढंच तो सांगतो. १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने निवडणाऱ्यांच्या सोयीसाठी हे आकडे सुरू केले आणि पुढे ते जगभर रूढ झाले.

- १, पेट: पाण्याच्या आणि शीतपेयांच्या पारदर्शक बाटल्या. यांना सगळीकडे गिऱ्हाईक आहे. यांचे तुकडे करून, धुऊन, वितळवून धागा काढतात. उशीतला कापूस म्हणून जो पांढरा भराव मिळतो, तो बऱ्याचदा जुन्या बाटल्यांचाच असतो.
- २, एचडीपीई: शाम्पूच्या आणि फिनेलच्या अपारदर्शक बाटल्या, तेलाचे जेरीकॅन, पिंपं. जाड, चिवट आणि चांगल्या भावाचं.
- ३, पीव्हीसी: पाण्याचे पाईप, वायरीवरचं आवरण, निवडणुकीचे आणि वाढदिवसाचे फ्लेक्स, काही चपला, गोळ्यांच्या पाकिटांची पारदर्शक बाजू. याच्याविषयी पुढे वेगळं सांगतो, कारण हा माल बाकीच्यांत मिसळला की सगळ्यांचं नुकसान करतो.
- ४, एलडीपीई: दुधाच्या पिशव्या, जाड पारदर्शक पिशव्या, बागेतल्या ठिबकच्या काळ्या नळ्या.
- ५, पीपी: डबे, बाटल्यांची बरीचशी झाकणं, खुर्च्या, दोर, तांदळाची आणि खताची विणलेली पोती.
- ६, पॉलिस्टायरीन: थर्माकोल, चटकन मोडणारे पारदर्शक ग्लास आणि चमचे.
- ७, बाकी सगळं: एकावर एक थर चिकटवलेल्या चकचकीत पुड्या, नायलॉन, वीस लिटरच्या जारचं कडक प्लास्टिक. हा आकडा म्हणजे 'इतर' नावाची टोपली. त्यावरून काहीच नेमकं कळत नाही.

या यादीत न बसणारी काही मंडळी घरात असतातच: कुकरची काळी मूठ, जुनी विजेची बटणं, मेलामाईनची ताटं. ही एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाहीत. ती भंगारवाल्याला देऊन उपयोग नाही.

आकडाच नसेल तर

निम्म्या वस्तूंवर आकडा नसतो, असला तर घासलेला असतो. तेव्हा हात, कान आणि पाणी या तिघांवर भरवसा ठेवा.

*ताणून पाहा.* पिशवीचा कोपरा दोन्ही हातांनी हळू ओढा. तुटण्याआधी लांबली, पांढुरकी झाली, तर ती दूधपिशवीच्या जातीची, म्हणजे घेण्यासारखी. न ताणता टर्रकन फाटली, तर नरम पिशव्यांत घालू नका.

*मुठीत चुरगळा.* पुडी मुठीत घट्ट दाबा आणि सोडा. कुरकुर आवाज करत ती पुन्हा उघडली आणि आतली बाजू रुपेरी असेल, तर ते थरांचं वेष्टन आहे. भंगारवाला ते परत करणार.

*पाण्यात टाका.* नखाएवढा तुकडा कापा, वाटीभर पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा बोटाने खाली दाबून सोडा. वर आला तर २, ४ किंवा ५. तळाशी बसला तर बहुधा १, ३ किंवा ६. थर्माकोलमध्ये हवा भरलेली असते, म्हणून तो तेवढा तरंगतो.

ही पाण्याची परीक्षा मोठ्या कारखान्यांतही चालते. तिथे बाटल्यांचा झाकणांसकट चुरा करतात आणि हौदात सोडतात. बाटलीचा चुरा बुडतो, झाकणांचा तरंगतो, दोन्ही आपोआप वेगळे होतात. म्हणून बाटली चेपा, हवा काढा आणि झाकण पुन्हा लावून टाका. सुटं झाकण पोत्याच्या भोकातून गळतं, पागोळ्यांच्या पाण्याबरोबर पऱ्यात जातं आणि तिथून समुद्रात. हेदवीच्या बामणघळीत उधाणाचं पाणी उसळून खाली उतरलं की कपारीत जे रंगीत ठिपके दिसतात, त्यातले कितीतरी अशी झाकणंच असतात. लांबूनच पाहा, खाली उतरू नका. त्या घळीत पाणी कधी वर येईल याचा नेम नाही.

जाळून वास घेण्याची 'परीक्षा' काही जण सांगतात. ती करू नका. जे ओळखता येत नाही तेच नेमकं पीव्हीसी निघालं तर तो धूर तुमच्या छातीत जातो.

आता पोती

तांदळाची किंवा खताची तीन रिकामी पोती पडवीत, पावसाची झड लागणार नाही अशा बाजूला, खुंटीला अडकवा. खताचं असेल तर आधी स्वच्छ धुऊन वाळवा.

पहिलं पोतं, कडक माल. चेपलेल्या बाटल्या, धुतलेले डबे, जेरीकॅन, मोडकी बादली, खुर्चीचा तुटका पाय. जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या वेगळ्या ठेवा, त्यांचा भाव वेगळा असतो. पूर्ण बाटलीवर गुंडाळलेलं रंगीत आवरण असेल तर ते फाडून काढा. ते अनेकदा वेगळ्या जातीचं असतं. पीव्हीसीचं निघालं आणि बाटल्यांच्या भट्टीत गेलं तर त्यातून आम्ल सुटतं आणि आख्खा घाणा पिवळा पडतो.

दुसरं पोतं, नरम माल. दुधाच्या पिशव्या, ताणल्या जाणाऱ्या स्वच्छ पिशव्या, नव्या गादीवरचं किंवा फ्रीजवरचं जाड पारदर्शक आवरण. या पोत्याची एकच अट आहे: ओलसर किंवा तेलकट काहीही आत जाता कामा नये.

ही अट मी अनुभवाने शिकलो. आम्ही चार घरांनी मिळून पहिल्यांदा नरम मालाची दोन पोती भरली होती. त्यात कुणीतरी गोडेतेलाच्या पिशव्या न धुता टाकल्या. मे महिन्याच्या उन्हात ते तेल पातळ होऊन खालपर्यंत झिरपलं, त्यावर धूळ बसली, आणि दोन्ही पोती तशीच्या तशी परत आली. घेणाऱ्याची चूक नव्हती. तेल धुवायला त्याला जेवढा साबण आणि पाणी लागलं असतं, तेवढी त्या मालाची किंमतच नव्हती. तेव्हापासून तेलाची पिशवी आमच्याकडे सरळ तिसऱ्या पोत्यात जाते. तिच्यात बहुतेक वेळा थरही असतात, त्यामुळे ती तशीही नरम मालात बसत नाही.

तिसरं पोतं, कोणी न घेणारा माल. वेफर्स, बिस्किटं, शाम्पू, गुटखा यांच्या पुड्या, तेलाच्या पिशव्या, थर्माकोल, टूथब्रश, रिकामी पेनं. हे पोतं का भरायचं, विकलं तर जात नाही, असं तुम्ही म्हणाल. भरायचं, कारण ते एका जागी असलं तरच त्याची जबाबदारी कुणाच्या तरी दारात नेऊन ठेवता येते. ती कुणाची, ते पुढे येईलच.

दुधाची पिशवी: रोजचं दोन मिनिटांचं काम

घरोघरी रोज येणारं प्लास्टिक हेच, म्हणून त्याचं थोडं सविस्तर सांगतो. कात्रीने कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका. आडवी चीर द्या आणि टोक लटकतं ठेवा. तो सुटा त्रिकोणी तुकडा एवढा लहान असतो की कोणीही तो वेचत नाही. तो मोरीतून थेट मागीलदारी जातो आणि केळीच्या बुंध्याशी वर्षानुवर्षं तसाच राहतो. खणताना कुदळीला असे तुकडे लागतात, तुम्हीही पाहिले असतील.

दूध ओतलं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून खळबळा. ते पाणी झाडाला किंवा गुरांच्या पाण्यात. मग पिशवी एका बाजूने पूर्ण उघडून दोरीवर चिमट्याने लावा. पावसाळ्यात दोरीवर वाळत नाही, तेव्हा चुलीवरच्या किंवा ओट्यावरच्या भिंतीला ओलीच चिकटवा. वाळली की ती आपोआप सुटून पडते. अर्धवट ओली पिशवी पोत्यात गेली तर आठवड्यात आंबूस वास सुटतो, मुंग्या लागतात, आणि घरातलीच माणसं म्हणू लागतात, 'काढा ते पोतं इथून.' बहुतेक घरांत हा उद्योग याच कारणाने बंद पडतो.

या वस्तू कोणत्याही पोत्यात नकोत

- आंब्याच्या फवारणीच्या बाटल्या. रिकामी झाली की तीनदा पाणी घालून खळबळा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे तिच्यात पुन्हा कोणी काही भरणार नाही. घरापासून, विहिरीपासून लांब, कुलपात ठेवा आणि विक्रेत्याकडे किंवा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तिची विल्हेवाट विचारा. भंगारात घालू नका. धुणारी आणि निवडणारी माणसं उघड्या हातांनी काम करतात.
- लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी पॅड. कागदात गुंडाळून वेगळे.
- औषधांच्या बाटल्या, सुया, मुदत संपलेल्या गोळ्या. वेगळ्या डब्यात.
- वायरी. तांब्यासाठी आवरण जाळणं फार धोक्याचं आहे. वायर आहे तशी विका, तांब्याचा भाव धरूनच ती घेतात.
- जाळी. मासेमारीचं जाळं बऱ्याचदा नायलॉनचं असतं आणि त्याचं गिऱ्हाईक वेगळं. फाटलेलं जाळं पाण्यात सोडलं तर ते मासे धरतच राहतं. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. २०२३ मध्ये तिथून बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांना उपग्रह टॅग लावून सोडलं होतं. आपल्या किनाऱ्यावरून सुटलेल्या जाळ्याचा तुकडा त्याच पाण्यात फिरत असतो.

आणखी एक खास आपल्याकडची सवय. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत आपण कोकमाचं आगळ, सरबत, कधी खोबरेल भरून ठेवतो, मुंबईला पाठवतो. थंड आणि थोड्या दिवसांसाठी ठीक. पण ऊन ऊन सरबत तिच्यात ओतू नका. ही बाटली साधारण ७० अंशांना मऊ पडू लागते, आकसते. आणि ज्या बाटलीत एकदा फिनेल किंवा रॉकेल गेलं, तिच्यात खाण्यापिण्याचं काहीही पुन्हा नको, कितीही धुतली तरी.

विकताना

एकट्या घराचा माल महिन्याला दोन-तीन किलोही होत नाही, त्यासाठी कोणी येणार नाही. वाडीतली आठ-दहा घरं एकत्र या, एकाच्या खळ्याच्या कडेला किंवा गोठ्याच्या माडीवर पोती साठवा, आणि गाडी भरेल एवढं झालं की फोन करा. वर्षातून तीन वेळा पुरे: दिवाळीनंतर, शिमग्याच्या आधी, आणि मृगाच्या आत. मे अखेरची खेप चुकवू नका. पावसात भिजलेला माल कोणी घेत नाही, आणि चार महिने भरलेली पोती ठेवायला जागाही नसते.

फोनवरच विचारून घ्या: बाटल्यांचा भाव काय, कडक मालाचा काय, नरम पिशव्यांचा काय? सगळ्याला मिळून 'मिक्स'चा एकच भाव सांगितला तर तुमची निवडण्याची मेहनत फुकट जाते. दोन-तीन ठिकाणी विचारा, शृंगारतळीचा भाव आणि चिपळूणचा भाव वेगळा असू शकतो. वजन तुमच्यासमोर होऊ द्या. आणि हातात फार पैसे पडतील या आशेने हे सुरू करू नका. गाडीभाडं सुटून वर थोडं उरलं तर खेप चांगली झाली समजा.

भंगारवाल्याशी मात्र मानाने वागा. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. त्या शहरातलं किती प्लास्टिक डेपोवर न जाता कारखान्यात पोचतं, ते या माणसांच्या हातांमुळे. आपल्या गावात कोणी दारात येत असेल तर त्याला चोर समजून हुसकावू नका. त्याला महिन्याचा एक दिवस ठरवून द्या.

खोल्या आणि खानावळ चालवणाऱ्यांसाठी

तुमचा कचरा पाहुण्याने आणलेला असतो आणि निस्तरायचा तुम्हाला. तो आधीच कमी करणं सगळ्यात स्वस्त पडतं. खोलीत सीलबंद बाटली ठेवण्याऐवजी स्टीलचा तांब्या आणि बाहेर गाळलेल्या पाण्याचा जार ठेवा, 'बाटली इथे भरून घ्या' अशी पाटी लावा. विहिरीच्या पाण्याचं कौतुक शहरातल्या माणसाला असतंच, फक्त ते गाळलेलं-उकळलेलं आहे हे त्याला दिसलं पाहिजे. शाम्पूच्या पुड्या देऊ नका, भिंतीला एक भरता येणारी बाटली लावा. खोलीत एकच डबा असला की उष्टं, बाटल्या आणि पुड्या एकत्र होतात, मग ते निवडायला कोणी हात लावत नाही. दोन डबे ठेवा, एकावर बाटलीचं चित्र चिकटवा. अक्षरं कोणी वाचत नाही, चित्र दिसतं.

समुद्रावर जाणाऱ्या पाहुण्यांच्या हातात निघताना एक कापडी पिशवी द्या, 'येताना यात घेऊन या' म्हणून सांगा. पाहुण्याला त्याच्या तोंडावर सांगायला संकोच वाटतो, ठाऊक आहे. पण चहा देताना हसून सांगितलेलं वाईट वाटत नाही.

तिसऱ्या पोत्याचं काय होऊ शकतं?

चकचकीत पुडीत प्लास्टिकचे दोन-तीन पापुद्रे आणि ॲल्युमिनियमचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारवाला हात झटकतो. तरी तीन वाटा आहेत, आणि तिन्ही गावाने एकत्र येऊनच चालता येतात.

सिमेंटच्या भट्टीत हा माल कोळशासोबत जाळतात. तिथलं तापमान १४०० अंशांच्या वर असतं, परसातल्या आगीशी त्याची तुलना नको. दुसरी वाट रस्त्याची: मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकून तिला लेप देण्याची आणि मग डांबर मिसळण्याची पद्धत बसवली. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. या पद्धतीत पिशव्या आणि पुड्या चालतात, पीव्हीसी चालत नाही, म्हणून फ्लेक्स त्यात घालू नका. तिसरी वाट इंधनाची: पुण्याच्या रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्युशन्सने प्लास्टिक हवेशिवाय तापवून त्याचं तेल करण्याचं काम उभं केलं आहे.

बाटलीत पुड्या ठासून 'इको-ब्रिक' करायला शाळांतून शिकवतात. त्या मुलांची तळमळ मला मनापासून आवडते, पण पद्धत पटत नाही. त्यात विकली जाणारी चांगली बाटली न विकल्या जाणाऱ्या पुड्यांनी कायमची अडकते, आणि दहा वर्षांनी ऊन खाऊन ती फुटली की सगळं पुन्हा बाहेर. मुलांना बाटल्या चेपायला आणि पुड्या वेगळ्या पोत्यात भरायला शिकवलं तर जास्त उपयोग होईल.

जाळणं

भाजवळीचा पातेरा पेटवताना त्यात दोन पिशव्या सहज टाकल्या जातात, बंबाखाली दुधाची पिशवी 'लवकर पेट घेते' म्हणून सरकवली जाते. पीव्हीसीचं निम्म्याहून जास्त वजन क्लोरीनचं असतं. ते अर्धवट आगीत जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. डायॉक्सिन चारा-पाण्यातून गुराच्या चरबीत आणि दुधात उतरतं. बंबाशी बसलेल्या घरातल्या बाईच्या नाकात पहिला धूर जातो. पेटवायला सोडण, झावळी, करवंटी आपल्याकडे काय कमी आहे?

कायदा आणि तुमचा हक्क

"एकशेवीस मायक्रॉनची आहे" या युक्तिवादाचं उत्तर असं. केंद्राच्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ पिशवीवर देशभर बंदी आहे. पण महाराष्ट्राने त्याआधीच, २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने, हातात न्यायच्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर जाडी न पाहता बंदी घातली. म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात जाड पिशवीही चालत नाही. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. थर्माकोलची मखरंही याच अधिसूचनेत आली. प्लास्टिकची ताटं, ग्लास, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या खोक्यावरची पातळ पारदर्शक झिल्ली यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

फसायला होतं ते दोन पिशव्यांत. कापडासारखी दिसणारी, रंगीत, बारीक ठिपक्यांची पिशवी कापड नसून पीपी आहे. तिचा धागा उसवून पाहा, वीणच नसते. दुसरी 'कंपोस्टेबल' पिशवी: खरी असली तर तिच्यावर आयएसओ १७०८८ या मानकाचा उल्लेख हवा, आणि तीही कुजते ती मोठ्या खत प्रकल्पाच्या उष्णतेत. शेणकीत टाकून पावसाळाभर वाट पाहू नका, आणि दुसऱ्या पोत्यात तर मुळीच घालू नका.

तिसऱ्या पोत्याची जबाबदारी कुणाची, हे आता.

१. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार गावातल्या प्लास्टिक कचऱ्याचं वर्गीकरण, संकलन, साठवण, वाहतूक आणि तो पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांपर्यंत पोचवणं हे ग्रामपंचायतीचं काम आहे. उघड्यावर प्लास्टिक जाळलं जाणार नाही हे पाहणंही तिचंच.

२. स्वच्छ भारत अभियान (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्यासाठी एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र धरलं आहे, त्यासाठी १६ लाख रुपयांपर्यंत निधीची तरतूद आहे. पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद त्याच योजनेत आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे, तिथे आपल्या गावची खेप कधी जाते, हे पंचायत समितीत विचारा.

३. पुडी बनवून विकणाऱ्या कंपनीवर तेवढंच वेष्टन परत गोळा करण्याची सक्ती आहे. ही तरतूद २०१६ च्या नियमांत आली, तिची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया उद्योगांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आहे. ग्रामपंचायत त्यांतल्या एखाद्याशी बोलू शकते.

ग्रामसभेत तोंडी बोललेलं इतिवृत्तात उतरतंच असं नाही. सभेच्या आठ दिवस आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी विषय द्या आणि पोच घ्या. मागणी नेमकी असू द्या, 'कचऱ्याचं काहीतरी करा' असं नको. उदाहरणार्थ: 'गावात एक छप्पर असलेली प्लास्टिक साठवण जागा ठरवावी, दर महिन्याच्या ठराविक दिवशी वाडीवाडीतून तिसरं पोतं उचलावं आणि ते तालुका केंद्रावर पोचवल्याची पावती पुढच्या सभेत ठेवावी.' उत्तर नाही मिळालं तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करा. माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे भांडण नाही. सरपंच आपल्याच गावातले असतात, आधी घरी जाऊन बोला, कागद नंतर. पण कागद द्याच.

पावसाळी कापडाचं जाता जाता

पडवीला झड लागू नये म्हणून आपण जे प्लास्टिक बांधतो, ते नवरात्र सरलं की सोडा. दिवाळीपर्यंत ते उन्हात राहिलं की ठिसूळ होतं आणि हाताळताच त्याच्या कपच्या पडतात. त्या कपच्या वेचणं माणसाच्या हातचं नाही. सोडलेलं कापड धुवा, दोन दिवस सावलीत वाळवा, दोरी न कापता गाठ सोडवून तिच्यासकट गुंडाळा आणि माळ्यावर टाका. चांगलं जाड कापड असं सांभाळलं तर तीन-चार पावसाळे जातं. फाटलं तर ताणून पाहा: लांबलं तर दुसऱ्या पोत्यात, टर्रकन गेलं तर तिसऱ्यात.